मागाची मागची बाजू: लेसोथोतलं विणकरणींचं गाव

येवल्यात आमच्या घरी कुणी नवी पैठणी आणली ना, की आई आधी ती पालथी करते. पदर, मोर, काठ, सगळं नंतर. आधी उलटी बाजू. कारण हातमागावरची खरी पैठणी मागून-पुढून सारखीच दिसते आणि मागे सुटे धागे लोंबत असले की समजायचं मशीनचं काम आहे. आजोबांचा खड्डा-माग होता पुढच्या खोलीत, आजी रहाटावर कांड्या भरायची, आणि आम्ही पोरं त्या धोट्याच्या, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी नळीच्या, खटखटीत अभ्यास करायचो, म्हणजे करायला बसायचो. तर कापड पालथं करून बघायची ही सवय माझ्यातही आलीये, आणि त्या सवयीमुळे मी एका परक्या देशात कशी पकडले गेले त्याचा हा व्हिडिओ.

सध्या आम्ही दोघं जोहान्सबर्गला असतो, नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमुळे. एप्रिलच्या शेवटी इथे फ्रीडम डेची सुट्टी असते, 27 तारखेला, त्याच्या आगेमागे एखादी रजा टाकली की छोटी ट्रिप होते. बाकी सगळे केपटाऊन नाहीतर क्रूगर. मी म्हटलं मला तेयातेयानेंगला जायचंय. नवरा म्हणाला, परत एकदा म्हण. तेया-तेया-नेंग. तो म्हणाला, तिथे काय आहे? मी म्हटलं, माग आहेत. बास, त्याला कळलं की आता वाद घालण्यात अर्थ नाही.

गाव लेसोथोत आहे. लेसोथो म्हणजे नकाशात दक्षिण आफ्रिकेच्या पोटात जो वेगळ्या रंगाचा ठिपका दिसतो ना, तो. चारही बाजूंनी एकच शेजारी. आकार साधारण तीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा दहावा हिस्सा. आणि उंची बघा, ह्या देशातली सगळ्यात खोलगट जागासुद्धा समुद्रसपाटीपासून सुमारे 1400 मीटरवर आहे, म्हणजे त्यांचा तळ हा आपल्या महाबळेश्वरच्या वर. लिहितात लेसोथो पण तिथली माणसं बोलताना साधारण लेसूटू म्हणतात, आणि तिथले लोक ते बासोथो, एकटा असला तर मोसोथो, भाषा सेसोथो. पहिल्या दिवशी माझी फार गडबड व्हायची ह्यात.

पहाटे निघालो. फ्री स्टेट प्रांतात शिरलं की दोन्ही बाजूंनी वाळत आलेला मका, नुसता मका, आणि रस्त्याच्या कडेला गुलाबी-पांढरी कॉसमॉसची फुलं, ती आता संपत आली होती. पुढे पुढे खड्डे इतके की नवरा म्हणाला घरची आठवण आली. फिक्सबर्ग हे शेवटचं गाव, मग नदीवरचा पूल, नदीचं इंग्रजी नाव कॅलेडन आणि सेसोथो नाव मोहोकारे, आणि पलीकडे मापुत्स्वे. बॉर्डरवर एक तास गेला, त्यातला बराचसा फॉर्म भरायला पेन शोधण्यात. पण रांगेत उभं राहून मी बघत होते, आमच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ, अंगावर जाड लोकरीचं ब्लँकेट पांघरलेलं, खांद्यापाशी मोठी पिन लावून अडकवलेलं, डोक्यावर गवताची टोकदार टोपी, आणि हातात स्मार्टफोन. हे ब्लँकेट पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.

मापुत्स्वेपासून मेन रोडने पाऊणएक तास, की आलं तेयातेयानेंग. बेरेया जिल्ह्याचं मुख्य गाव. राजधानी मासेरू इथून साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. एवढं लांबलचक नाव कुणी घेत नाही, सगळे टीवाय म्हणतात, टॅक्सीवाले सुद्धा टीवाय टीवाय असंच ओरडतात. नावाचा अर्थ सरकत्या वाळूची जागा, जवळच्या नदीवरून पडलेलं. गाव वसलं 1886 मध्ये. आता खरं सांगू, पहिल्यांदा बघून काही विशेष वाटत नाही. एक लांब रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, मोबाइलचे टपरीवाले, कोंबड्या, मिनीबस टॅक्सी, शाळेच्या युनिफॉर्ममधली पोरं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, अरे येवल्यात एसटीतून उतरल्यावर पहिल्यांदा काय दिसतं?

माग हे असेच आत असतात. बाहेरून कळत नाही.

लेसोथोत टीवायला हस्तकलेची राजधानीच म्हणतात. इथे विणकामाची केंद्रं आहेत, हेलांग बासाली, सेत्सोतो डिझाइन, हातूआ मोसे मोसाली, एलेल्वांग बासाली. यातलं हेलांग बासाली हे सेंट ॲग्नेस मिशनच्या आवारात, आणि एलेल्वांग बासालीची इमारत तर चक्क कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅन वापरून बांधलीये. ह्या नावांमध्ये एक शब्द सारखा येतोय बघा, बासाली, मोसाली. बासाली म्हणजे बायका. आणि गंमत म्हणजे इथे लिहितात बासाली पण वाचायचं बासादी, ल च्या पुढे इ किंवा उ आला की त्याचा ड-द च्या मधला उच्चार होतो. म्हणून नमस्कार लिहिताना लुमेला आणि बोलताना दुमेला. मी दोन दिवस लुमेला लुमेला करत फिरले, कुणी हसलं नाही, चांगली माणसं आहेत.

सगळीकडे बायकाच का, तर त्याचं उत्तर मागात नाही, खाणीत आहे. इथला तरणा पुरुष पिढ्यान्‌पिढ्या सीमेपलीकडे सोन्याच्या खाणीत कामाला जायचा. 1980 च्या दशकाच्या शेवटी लाखाहून जास्त बासोथो पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींमध्ये होते, आणि देश केवढा तर आपल्या एखाद्या जिल्ह्याच्या लोकसंख्येचा. मग घर, शेत, जनावरं, पोरं, म्हातारी माणसं सगळं कुणी बघायचं? आणि एवढं सगळं बघणाऱ्या बाईला कायद्याने काय होतं तर लग्न झालं की ती अज्ञान, म्हणजे लहान मुलासारखी, नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज नाही, करारावर सही नाही. हा कायदा बदलला कधी, 2006 मध्ये. मी हे वाचलं तेव्हा दोनदा तारीख तपासली. तर अशा वेळी बायकांनी एकत्र येऊन लोकर कातायची, विणायची, विकायची आणि पैसे आपल्या हातात घ्यायचे ही साधी गोष्ट नव्हती. नंतर खाणींमधल्या नोकऱ्या आटत गेल्या, पुरुष परत आले, आणि मग तर ह्या मागांवर कितीतरी घरं चालली.

आम्ही ज्या केंद्रात सगळ्यात जास्त वेळ घालवला त्याचं नाव नाही सांगत, कारण तिथे मी जे केलं ते फार शोभणारं नव्हतं.

आत शिरलो तर मोठा हॉल, पत्र्याचं छत, खिडकीतून येणारं ऊन, आणि ओळीने उभे माग. आपल्यासारखे खड्ड्यातले नाहीत, उभी चौकट, भिंतीला शिडी लावल्यासारखी, त्यावर वरून खाली ताणा, म्हणजे उभे धागे, ताणलेला. त्याच्यामागे कागदावर काढलेलं चित्र अडकवलेलं, ते ताण्याच्या फटींमधून दिसतं, आणि बाई समोर बाकावर बसून खालून वर विणत जाते. आधी जमीन येते, मग झोपडीची भिंत, मग छप्पर, मग डोंगर, सगळ्यात शेवटी आभाळ. म्हणजे चित्र बांधकामासारखं चढत जातं. माझ्या डोक्यात हे आधी कधीच आलं नव्हतं.

धोटा नाहीच! हेच तर मला बघायचं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धागा जातच नाही. जिथे लाल हवा तिथे लाल धागा जातो आणि तिथूनच परत फिरतो, शेजारी पिवळा आपल्या हद्दीत येरझाऱ्या घालतो, त्याच्या शेजारी निळा. प्रत्येक रंगाचं वेगळं छोटं गुंडाळं. अहो, पैठणीचा पदर असाच विणतात! तिथे बारीक बारीक तिल्ल्या असतात, रंगागणिक एक, मोराच्या मानेला एक, पिसाऱ्यातल्या प्रत्येक रंगाला एक. इथे धागा जाड आणि तिथे केसासारखा, तिथे जर आणि रेशीम आणि इथे बकरीची लोकर, पण हाताची चाल तीच. मी नवऱ्याला हे इतक्या उत्साहाने समजावत होते की तिथल्या दोन-तीन बायका काम थांबवून माझ्याकडेच बघायला लागल्या.

लोकर ही मोहेर. मोहेर म्हणजे अंगोरा बकरीचे केस. आणि अंगोरा लोकर म्हणतात ती मात्र सशाची, हा घोळ कुणी घातला माहीत नाही, अंगोरा हे तुर्कस्तानातल्या अंकाराचं जुनं नाव आणि बकरी मूळची तिथली. आज मोहेरच्या उत्पादनात दक्षिण आफ्रिका जगात पहिली आणि तिच्या खालोखाल हा एवढासा लेसोथो. डोंगरात गुराखी पोरं ह्या बकऱ्या चारतात, लांब कुरळ्या बटा असतात त्यांच्या अंगावर. मी एक लड हातात घेतली आणि पहिल्यांदा वाटलं रेशीमच. मेंढीच्या लोकरीच्या केसावर खवले असतात म्हणून ती टोचते, मोहेरचे खवले सपाट असतात, त्यामुळे गुळगुळीत आणि चमक अशी की रंग उजळून उठतो. आपल्या धनगरी घोंगडीला हात लावला की हाताला कळतं, तसं इथे नाही, हात घसरतो. बाहेर अंगणात एक बाई धुतलेली लोकर पिंजत होती, दुसरी चाकावर कातत होती, आणि पलीकडे भट्टीवर मोठ्या पिंपात रंग खळखळत होता, काठीने ढवळायचं काम चाललेलं. तो ओल्या लोकरीचा वास, वाफ आणि धूर... आजोबांच्या खोलीत असा वास नव्हता, पण तरी काहीतरी होतं त्यात.

चित्रं काय असतात, तर गोल झोपड्या, डोक्यावर मडकं घेतलेल्या बाया, घोड्यावरचे ब्लँकेटवाले स्वार, डोंगर. काहींवर नुसत्या भौमितिक आकृत्या. त्या आकृत्या इथल्या भिंतींवरून आल्यात. बासोथो बायका घराच्या ओल्या मातीच्या भिंतीवर बोटांनी नाहीतर फाट्याने ओरखडून नक्षी काढतात, तिला लितेमा म्हणतात, वाचायचं अर्थातच दितेमा, आणि तो शब्द नांगरटीशी जोडलेला आहे, नांगरलेल्या शेतातल्या तासांसारख्या त्या रेघा दिसतात. पाऊस आला की नक्षी धुऊन जाते आणि परत काढतात. आपल्याकडे सडा-सारवण करून रांगोळी काढतात त्याच्यातलाच प्रकार.

आता ते ब्लँकेट. मला वाटलं होतं की ती सुंदर बासोथो ब्लँकेटं इथेच विणत असतील, आणि मी तशी विचारणा केली तर एक ताई फिस्सकन हसल्या. ती ब्लँकेटं कारखान्यात होतात, तीही सीमेपलीकडे, जोहान्सबर्गजवळ, म्हणजे आमच्या घरापासून तासाभरावर! 1860 च्या सुमारास इथला राजा मोश्वेश्वे पहिला याला कुणा व्यापाऱ्याने ब्लँकेट भेट दिलं, त्याने चामड्याच्या पांघरुणाऐवजी ते अंगावर घेतलं, आणि तेव्हापासून लग्न असो, बारसं असो, मयत असो, ब्लँकेटशिवाय काही होत नाही. त्यावर मक्याच्या कणसाची नक्षी असते, समृद्धीची खूण. आणि कडेला ज्या सरळ रेघा असतात त्यांची गोष्ट मला फार आवडली, म्हणतात की पूर्वी कधीतरी विणताना झालेली ती चूक होती, पण लोकांना ती रेघ इतकी पटली की पुढे मुद्दाम घालायला लागले. आता रेघ नसेल तर ब्लँकेट अस्सल वाटत नाही. ब्लँकेट पांघरायचं तेही असं की रेघा उभ्या आल्या पाहिजेत, उभी रेघ म्हणजे वाढ. आडव्या घातल्या तर वाढ खुंटते असं मानतात.

तर दुकान. हॉलच्या शेजारीच खोली, भिंतीभर टॅपेस्ट्री, म्हणजे ही विणलेली चित्रं, टांगलेल्या, खाली गालिचे, उश्यांची कव्हरं, पर्स. आणि मी पहिली टॅपेस्ट्री खुंटीवरून काढली आणि पालथी केली. दुसरी काढली, पालथी केली. तिसरी. मला भानच नाही. मागे वळून बघते तर दारात एक वयस्कर बाई उभ्या, कमरेवर हात. नवरा हळूच म्हणाला, अगं चोरबीर वाटलो आपण त्यांना. मी घाईघाईने म्हटलं, लुमेला म्मे. म्मे म्हणजे आई, इथे कुठल्याही मोठ्या बाईला म्मे म्हणायचं आणि पुरुषाला न्ताते. त्या काही न बोलता आत आल्या, माझ्या हातातली टॅपेस्ट्री घेतली, आणि मागच्या बाजूवर एका ठिकाणी बोट ठेवलं जिथे धाग्याचं टोक आत इतकं नीट ओवलेलं होतं की मला दिसलंच नव्हतं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, यू वीव्ह? मी म्हटलं माय ग्रँडफादर. त्यांनी मान हलवली, मोठ्ठं हसल्या, पुढचे दोन दात नव्हते, आणि हाताला धरून मला परत हॉलमध्ये नेलं आणि स्वतःच्या मागासमोर बसवलं.

मी विणलं. पाच ओळी. धागा ओढताना जरा जास्त ताण दिला की दोन्ही कडा आत येतात, कापड कमरेत बारीक होतं, हे मला आजोबांनी शंभरदा सांगितलेलं. तरी तेच झालं. म्मेंनी माझ्या पाच ओळी शांतपणे उसवल्या आणि परत विणल्या. दोन मिनिटात. फणीने ठोकल्यावर टक्‌ टक्‌ टक्‌ असा आवाज यायचा.

दोन तास गेले. नवरा बाहेर जाऊन मक्वेन्या खाऊन आला, पिठाचे तळलेले गोळे, भज्याचा लांबचा भाऊ म्हणा, माझ्यासाठी कागदात दोन आणले ते गार झालेले.

शेवटी मी एक निवडली. हातभर लांब, दोन झोपड्या, एक घोडा, मागे डोंगर आणि वर निळं आभाळ. ह्यात एक गोष्ट होती. आभाळाचा निळा अर्ध्यात बदललेला. म्हणजे खाली स्वच्छ निळा आणि मग अचानक बोटभर करड्या झाकेचा पट्टा आणि वर परत निळा. मला ते बघताक्षणी कळलं होतं, रंगवलेली लड संपली असणार आणि दुसऱ्या वेळी रंगवलेली जोडली असणार, घरी असं झालं की आजोबा दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. नवऱ्याच्याही लक्षात आलं, आणि तो कसा, भाजीवालीकडे कोथिंबीर फुकट मागणारा माणूस, त्याने लगेच तो पट्टा दाखवून विचारलं की ह्याच्यामुळे काही कमी होईल का. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं अरे गप, त्यांना ओळीवर पैसे मिळतात का दिवसावर ते तरी माहितीये का तुला.

म्मेंनी त्या पट्ट्याकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पुला."

पुला म्हणजे पाऊस. ह्या देशाचं ब्रीदवाक्यच आहे, खोत्सो, पुला, नाला. शांतता, पाऊस, भरभराट. शेत पावसावर, बकऱ्या पावसावर, त्यामुळे पुला हा शब्द आशीर्वाद म्हणून सुद्धा वापरतात. तर त्या बोट ठेवून म्हणाल्या, पुला, डोंगरावर पाऊस येतोय. आता ह्याच्यावर काय बोलणार? पूर्ण पैसे दिले. रोख, कारण कार्डाचं काही जमेना. इथलं चलन लोटी, अनेकवचन मलोटी, पण एक लोटी बरोबर एक रँड, आणि रँड सर्रास चालतात, त्यामुळे ती एक कटकट नाही.

रात्री गावातच राहिलो, पापा म्हणजे मक्याचा घट्ट उकडा, बरोबर मोरोहो, म्हणजे पालेभाजी बारीक चिरून परतलेली, मी त्यात सोबत आणलेली लसणाची चटणी घातली आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी हा-कोमे नावाच्या वस्तीला गेलो, टीवायपासून वीस-पंचवीस किलोमीटर. डोंगराच्या कपारीखाली मातीची घरं, म्हणजे खडक पुढे आलेला आणि त्याच्या पोटात भिंती घालून खोल्या केलेल्या, बाहेरून बघितलं तर ओळीने चुली मांडल्यासारख्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ह्या भागात लिफाकाने नावाचा फार वाईट काळ आला, लढाया, दुष्काळ, लोक देशोधडीला, तेव्हा लपायला म्हणून ही जागा. आणि अजून लोक राहतात. राहतात म्हणूनच मी आत कॅमेरा फार फिरवला नाही, एका आजींच्या घरात वाकून गेलो, सारवलेली जमीन, गारवा, कोपऱ्यात भांडी, खुंटीला ब्लँकेट. हे जे स्क्रीनवर दिसतंय तेवढंच शूट आहे. निघताना चार थेंब आले. नवरा म्हणाला, पुला. दिवसभर तो तेच म्हणत होता, गाडी धुतली तरी पुला.

परतीच्या बॉर्डरवर पंधरा मिनिटं लागली फक्त. फिक्सबर्गच्या बाजूला पॉप्लरची झाडं पिवळीधमक झालेली, ती आदल्या दिवशी दिसलीच नव्हती, घाईत होतो.

घरी आल्यावर हॉलमध्ये खिळा ठोकून टॅपेस्ट्री लावली आणि रात्री आईला व्हिडिओ कॉल केला. कॅमेरा फिरवून दाखवली, बघ, झोपड्या, घोडा, डोंगर. आई चष्मा लावून बघत राहिली, काही बोलेना. मग म्हणाली, "पालथी कर." खिळ्यावरून काढली, पालथी केली. "जवळ आण. अजून जवळ. तिथे, वर." तेच करड्या धाग्याचं टोक. आई म्हणाली, "बिचारीची निळी लड संपली होती बघ ऐन आभाळात."

मागून नवरा ओरडला, "नाही हो आई, पाऊस आहे तो."

आई जरा थांबली. म्हणाली, "मग असेल. सुलटी करून लावा आता, धूळ बसेल."